ऑपरेटर सकाळी थरथरत येतो, शेठ म्हणतो हिशोब करून टाक. काय करू?

चटईवाला_जळगाव:

नमस्कार मंडळी. इथं रोज वाचतो पण लिहितोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या. मी जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे, १२ वर्षं झाली. ज्यांना आमची लाइन माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो, प्लास्टिकचा दाणा एक्स्ट्रूडरमधे वितळवायचा, त्याच्या नळ्या ओढायच्या आणि मग लूमवर चटई विणायची. बॅरल २०० अंशाच्या वर तापलेलं, डोक्यावर पत्रा, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात बाहेर सावलीतच ४५. शिफ्ट कागदावर ८ तासांची, चालते १२ ची, एक आठवडा दिवस एक आठवडा रात्र.

माझ्याकडे एक एक्स्ट्रूडर ऑपरेटर आहे, खरं नाव सांगत नाही, नाना म्हणू. यावल तालुक्यातला, वय ४१. असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. मशीनचा नुसता आवाज ऐकून सांगतो की वितळलेलं प्लास्टिक गाळायची जाळी चोक होतेय, बदला, आणि उघडून बघितलं की झालेलीच असते. डिप्लोमावाली पोरं त्याच्या हाताखाली शिकून गुजरातला मोठ्या पगारावर गेली, हा तिथंच. पण गेल्या तीन-चार वर्षांत पिणं फार वाढलं. आधी सुट्टी झाल्यावर प्यायचा, आता सकाळी. सातला येतो तेव्हा हात असे थरथरतात की चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो, मग साडेआठच्या सुमारास टपरीवर जाऊन येतो म्हणतो आणि परत येतो तेव्हा हात एकदम स्थिर. तोंडात पुडी, वास दबावा म्हणून. सगळ्यांना माहीत आहे पण कोणी बोलत नाही, कारण तो असला की लाइन तुटत नाही.

मागच्या सोमवारी नळी गुंडाळणाऱ्या वाइंडरमधे त्याच्या शर्टाची बाही गुंतली. मी शेजारीच होतो म्हणून स्टॉप बटण दाबलं गेलं, बाही फाटली, हात वाचला. शेठच्या कानावर गेलं, शेठ म्हणाला हिशोब करून टाक त्याचा. हिशोब काय करणार, त्याच्यावरच ३८ हजार उचल आहे. दुसऱ्या दिवशी त्याची बायको दोन्ही पोरींना घेऊन गेटवर उभी.

आणि अजून एक. श्रावणात घरी कानबाई बसली होती तेव्हा त्याने देवीसमोर शपथ घेतली, आणि खरंच एक थेंब घेतला नाही. पण तिसऱ्या रात्री घामाने चिंब, अंगात ताप, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून चादरीने झटकत बसला, बायकोला ओळखेना, आणि जाळी बदला जाळी बदला म्हणून ओरडत होता. लोक म्हणाले बाहेरचं आहे, भगताला बोलावलं, उतारा झाला, काही फरक नाही. शेवटी मेव्हण्याने एक क्वार्टर पाजली तेव्हा शांत झाला. तेव्हापासून घरचे म्हणतात याला सोडायला लावू नका, सोडली तर मरेल.

तर विचारायचं असं की काढून टाकलं तर तो पूर्णच बुडेल हे दिसतंय, ठेवला तर उद्या हात जाईल आणि जबाबदार मी. नोकरी शाबूत ठेवून इलाज होतो का कुठं? आणि त्याच्या बायकोने विचारायला सांगितलंय की जेवणात गुपचूप मिसळून द्यायचं औषध मिळतं ते चांगलं असतं का.

दालमिल_वाला:

भाऊ स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कारखाना चालवायचा की आश्रम? चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एलिव्हेटरच्या पट्ट्यात एका पोराचा हात गेला, पिलेला होता. पोलीस, फॅक्टरी इन्स्पेक्टर, दवाखाना, वकील, सहा महिने मी मिलपेक्षा कोर्टाच्या पायरीवर जास्त होतो. तुमच्या शेठचं बरोबर आहे. उचल गेली समजा आणि हिशोब करा. कारागीर कितीही भारी असला तरी मशीनला माणूस कळत नाही. तसं बी पिलेल्या माणसाची भरपाई लागत नाही म्हणतात पण ते सिद्ध करता करता आपण म्हातारे होतो.

आणि मी काय दगड नाही, त्या पोराच्या मुलाची फी आजही मीच भरतो. पण मशीनवर पिलेला नको म्हणजे नको.

सिस्टर_धुळेकर:

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, त्यातली दहा वर्षं मानसोपचार वॉर्डात गेली. आधी त्या मुंग्यांबद्दल बोलते कारण बाकी सगळं त्याच्यानंतर.

चटईवाला भाऊ, ते बाहेरचं वगैरे काही नव्हतं. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारू सतत दाबून ठेवते आणि मेंदू तेवढाच जोर लावून उलटा ढकलत असतो, मग एके दिवशी दारू काढून घेतली की तो जोर मोकळा सुटतो. सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, म्हणजे नाना सकाळी सातला ज्या अवस्थेत येतात ती हीच, रात्रीची उतरलेली असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण ४८ ते ७२ तासांत, कधी चौथ्या दिवशीही, काही जणांना ताप येतो, माणूस माणूस ओळखत नाही, मुंग्या उंदीर साप दिसतात. जाळी बदला म्हणून ओरडत होते म्हणालात ना, ते पण आम्ही बघतो, माणूस त्या भ्रमात स्वतःचंच काम करत बसतो. आमच्याकडे एक टेलर होता, दोन रात्री हवेत सुईत दोरा ओवत होता. एसटीचे एक ड्रायव्हर पलंगावर बसून गियर टाकायचे. हसू नका, यात उपचार मिळाला नाही तर माणूस जातो. म्हणजे घरचे म्हणतात ते अर्धं खरं आहे, घरी झटक्यात सोडली तर जीवाला धोका आहेच. दवाखान्यात सोडवली तर आठ-दहा दिवसांत हे सगळं सुखरूप पार पडतं.

करतात काय तर दारूची जागा घेणाऱ्या गोळ्या देतात आणि रोज थोड्या थोड्या कमी करत बंद करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. इथं एक गोष्ट कळकळीने सांगते, आपल्याकडे माणूस जरा थकला की गल्लीतल्या डॉक्टरकडे नेऊन ग्लुकोजची बाटली लावायची सवय आहे. दारू पिणाऱ्याच्या अंगात बी-१ आधीच संपलेलं असतं, त्यावर नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला सांगायचंच की हे रोज पितात, किती पितात ते खरं सांगायचं, लाजून अर्धं सांगितलं तर गोळ्यांचा हिशोब चुकतो.

जाणार कुठं? सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, जळगावला पण आणि धुळ्याला पण, केसपेपर काढा आणि कानबाईचा तो प्रकार पहिल्या मिनिटाला सांगा, तो सांगितला की ॲडमिट करून घ्यायला बघतील. त्याआधी कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात, २०२२ पासून चालू आहे. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे.

आणि एक, नानांना एकटं गाठून विचारा झोप लागते का, जगावंसं वाटतं का. असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते शिरेल ही भीती काढून टाका, तसं होत नाही, उलट कोणी विचारलं म्हणून माणूस रडतो आणि मोकळा होतो. खूप जणांच्या बाबतीत आधी उदासी असते आणि दारू नंतर आलेली असते, नुसती दारू काढली तर खालची उदासी तशीच राहते.

गुपचूप औषधाचं नंतर लिहिते, राउंड आला.

रनिंग_स्टाफ_भुसावळ:

काय सांगू भो, वाचता वाचता अंगावर आलं. मी लोको पायलट आहे, मालगाडी, इगतपुरी-बडनेरा-खंडवा हे आमचं अंगण. आमच्याकडे ड्यूटीवर साइन ऑन करताना तोंडात नळी धरून फुंकावं लागतं, मशीनने पकडलं तर गाडी मिळत नाही आणि पुढचं जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पिऊन इंजिनात कोणी चढत नाही हे खरं. पण लोकांना वाटतं मशीन लावलं की प्रश्न मिटला.

माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास एक माणूस रुळावर येऊन उभा राहिला. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक मारला, पण भरलेली मालगाडी थांबायला किलोमीटरभर घेते, तुम्ही फक्त बघू शकता. तो बघत होता माझ्याकडे. मग मेमो, स्टेशनला कळवणं, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी मीच नेली, कारण सेक्शन अडवून ठेवता येत नाही. घरी गेलो, बायकोने कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला, आवडीचं, हात लावला नाही. त्यानंतर रेस्टच्या दिवशी झोपेसाठी म्हणून दोन पेग, मग तीन, मग रेस्टची वाट बघायला लागलो फक्त त्यासाठी. ड्यूटीला मशीनसमोर रोज शून्य. त्या मशीनला डोक्यातलं काय दिसणार.

मला एका सिनियरने पकडलं, रनिंग रूममधे, म्हणजे ड्यूटीमधल्या मुक्कामाच्या खोलीत, शेजारच्या खाटेवर होता, म्हणाला तू झोपेत हॉर्न देतोस बे. त्याने ओढत रेल्वे हॉस्पिटलला नेलं. काही महिने गोळ्या आणि दर पंधरा दिवसांनी बोलणं. गाडीवरून काही काळ उतरवलं, दुसरं काम दिलं, लोक म्हणायचे हा ढिला झाला. ते बोलणं दारूपेक्षा जास्त लागतं. पण पगार चालू होता म्हणून टिकलो, खरं तेच आहे. तुमच्या नानाला कोणी पगार चालू ठेवणार आहे का? तिथंच सगळं अडतं.

दालमिल शेठ, मशीनवर पिलेला नको हे एकदम मान्य, आमच्याकडेही तेच. पण मशीनवरून उतरवणं आणि गेटबाहेर काढणं यात फरक करा. पॅकिंगला बसवा, दाणा मोजायला बसवा.

अमळनेरची_ताई:

दादा, त्या ताईंना म्हणावं गुपचूप काही देऊ नका. मी दिलंय म्हणून सांगते.

आमचे हे कापसाच्या जिनिंगला फोरमन होते, सीझन सुरू झाला की दिवाळीपासून चार महिने घरी फक्त झोपायला, तेव्हाही दारू उतरलेली नसायची. पेपरात जाहिरात होती, पिणाऱ्याला कळू न देता दारू सोडवा, पोस्टाने पुड्या आल्या, मी वरणात टाकायची. काय होतं त्यात आजपर्यंत माहीत नाही. चौथ्या दिवशी ते पिऊन आले, तोंड लालभडक झालं, छाती धडधडते म्हणाले, उलट्या आणि मोरीत पडले. डॉक्टरांनी विचारलं काय दिलं होतं, मी सासूसमोर गप्प, सांगायलाच अर्धा तास लावला. वाचले. पण त्यानंतर दोन वर्षं त्यांनी माझ्या हातचं जेवलं नाही, हॉटेलातून शेवभाजी आणायचे आणि माझ्यासमोर बसून खायचे. दारू तर सुटली नाहीच.

आता सुटलीय, सहा वर्षं झाली, ते वेगळं रामायण आहे. मला कोणी त्या वेळी एवढंच सांगितलं असतं ना की बाई तू गुन्हेगार नाहीस आणि तू डॉक्टर पण नाहीस, तर खूप वाचलं असतं. त्या ताईंना एकटं सोडू नका, त्यांच्या पोरींची शाळा चालू आहे का तेवढं बघा.

सिस्टर_धुळेकर:

ताई, धीराने लिहिलंत. त्या पुडीत काय होतं सांगता येत नाही पण लक्षणं डायसल्फिरामची वाटतात. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, ॲसिटाल्डिहाइड, ही गोळी त्याला पुढे मोडू देत नाही, तो साठतो आणि चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी पडणं. काही पेशंटला आम्ही ही गोळी देतोही, पण हृदय-लिव्हर तपासून, पेशंटला सगळं समजावून, त्याच्या मर्जीने, आणि आधी दारू पूर्ण थांबलेली असताना. माणसाला माहीतच नसेल तर तो वरून पिणार आणि जीवावर बेतणार. चटईवाला भाऊ, वहिनींना ठाम नाही सांगा.

पळासनेर_घाट:

मी ट्रक ड्रायव्हर होतो, धुळे-इंदूर. पळासनेरचा आणि बिजासनचा घाट रात्री उतरवलाय तो अर्धी क्वार्टर पोटात आणि कुत्ता गोळी जिभेखाली ठेवून. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, ती झोपेची-घबराटीची गोळी असते, धुळे-मालेगावकडं पोरं नशेला खातात, दारूसोबत घेतली तर श्वास बंद पडू शकतो. मला तेव्हा वाटायचं मी सिंह आहे. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो तेव्हा वजन ४४ किलो होतं. आता नऊ वर्षं झाली, गाडी सोडली, टायरचं दुकान आहे.

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मी जरा वाकडं विचारतो. चटईवाला भाऊ, तुम्ही लिहिलं सगळ्यांना माहीत आहे पण कोणी बोलत नाही. त्या सगळ्यांमधे तुम्ही बी आले ना? साडेआठला तो टपरीवर जातो ते तुम्हाला घड्याळासकट माहीत आहे. बाही गुंतली नसती तर ही पोस्ट आली असती का? आणि दुसरं. कंटेनर भरायचा असला, रात्रीची लोडिंग असली, पोरं थांबत नसली की बाटली कोण आणतं? आमच्याकडं ट्रान्सपोर्टचा मुनीमच द्यायचा, माल सकाळी सातच्या आत पोचव आणि ही घे, वरून शंभर रुपये. रावेर-सावद्याकडं केळी भरणाऱ्या टोळ्यांचं बी हेच बघितलंय, संध्याकाळी मजुरी हातात आणि मुकादमाची ओळखीची बैठक ठरलेली.

राग आला असेल तर सांगा, पण खरं काय ते लिहा.

चटईवाला_जळगाव:

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं.

हो. मीच आणतो. महिन्यातून तीन-चार वेळा एक्स्पोर्टचा कंटेनर लागतो, रात्री दहाला लागतो आणि पहाटे सोडायचा असतो, १२ तास करून झालेली पोरं थांबत नाहीत. ओव्हरटाइम दुपटीने द्यायचा असतो कायद्याने, तो शेठ देत नाही, त्यापेक्षा बाटली स्वस्त पडते. व्हाउचरवर चहा-नाश्ता लिहितो. बारा वर्षं मी चहा-नाश्ता लिहितोय.

आणि नाना २०१६ ला आला तेव्हा पीत नव्हता. त्याच्या वाटणीची दुसरे पोरं भांडून घ्यायचे. एका थंडीत, बहुतेक २०१८ असेल, मीच म्हटलो घे रे नाना घोटभर, अंग गरम राहील, सगळे घेताहेत तू काय साधू आहेस का. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, इथं लिहितोय कारण इथं मला कोणी ओळखत नाही.

पोस्ट टाकली तेव्हा हे डोक्यात नव्हतं असं म्हणणार नाही. होतं, मागे कुठंतरी.

रिटायर_लेबर:

कामगार खात्यात होतो, आता नातू सांभाळतो. कामाचं तेवढं लिहितो.

नानांच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का कापले जातात का ते आज बघा. मालकाचे सव्वातीन टक्के वेगळे. पगार २१ हजारांपर्यंत असला तर ते त्यात येतात. कापले जात असतील आणि सहा महिन्यांच्या कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. सर्टिफिकेट मात्र त्यांच्याच डॉक्टरमार्फत लागतं, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर घोडं अडतं. रनिंग स्टाफ भाऊंनी विचारलं पगार कोण चालू ठेवणार, तर दहा दिवस ॲडमिट आणि महिनाभर विश्रांती यात सहज बसते. आपल्याकडे गोची एवढीच होते की बारा वर्षं काम केलेला माणूस कागदावर ठेकेदाराचा असतो आणि ठेकेदाराने कधी भरलेलंच नसतं. ते आधी तपासा, रडायचं नंतर.

दालमिलवाले शेठ, भरपाईचं तुम्ही अर्धंच ऐकलंय. पिऊन झालेल्या अपघातात मालकाला सूट आहे, पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती सूट लागू होत नाही. म्हणजे जिथं मोठी रक्कम जाते नेमकं तिथंच नाही. आणि बाटलीचं व्हाउचर कंपनीच्याच फाइलीत असेल तर कोर्टात काय होईल ते तुम्हीच ठरवा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे झालेली मानसिक अवस्था आजार म्हणूनच धरलेली आहे. शेठला हे सांगून फार उपयोग होईल असं नाही, पण सिव्हिलला कोणी बेवडा म्हणून हाकललं तर सांगायला बरं पडतं.

दालमिल_वाला:

व्हाउचरचं वाचून माझ्याच अकाउंटंटला फोन केला. आमच्याकडं "हमाल किरकोळ" नावाने आहे.

चटईवाला_जळगाव:

अपडेट देतो, अकरा दिवस झाले.

नानाला मी रविवारी त्याच्या गावी जाऊन भेटलो. एमआयडीसीत नको म्हटलं, तिथं मी साहेब असतो. शेताच्या बांधावर बसलो, आधी मी माझं सांगितलं, ते थंडीतलं. तो म्हणाला मला आठवतंय साहेब, देशी संत्रा होती. बस एवढंच. मग सिस्टरने लिहिलं तसं झोपेचं विचारलं, जगण्याचं विचारलं. धाकट्या पोरीच्या बारशानंतर एकदा विहिरीवर जाऊन बसला होता म्हणे, रात्रभर. इतकी वर्षं आम्ही शेजारी उभे राहून काम करतोय आणि मला हे माहीत नाही.

सोमवारी सिव्हिलला नेलं, लाइन मोठी होती, केसपेपरला दोन तास गेले, पण मुंग्यांचं सांगितल्यावर डॉक्टरनी त्याच दिवशी ॲडमिट केलं. आज आठवा दिवस. तिसऱ्या रात्री घाम-थरथर झाली पण मुंग्या आल्या नाहीत. वहिनी तिथंच असतात, पोरी मामाकडं.

स्लिप बघितली. नाना कंपनीच्याच मस्टरवर आहे, ईएसआय भरलेला आहे, तेवढं नशीब. लूमवरचे १४ जण मात्र ठेकेदाराचे निघाले आणि त्यांचा काहीच पत्ता नाही, तो दुसरा घोळ आहे, त्यावर वेगळं विचारीन.

शेठशी बोललो. तो म्हणाला मशीनवर तीन महिने नको, पॅकिंगला चालेल, पगार पॅकिंगचाच मिळेल, म्हणजे चार हजार कमी. उचल महिन्याला हजाराने कापायची. मला जास्त काही मिळवता आलं नाही. व्हाउचरवर मी आता सही करत नाही म्हटलं तर शेठ बघत राहिला, म्हणाला मग कंटेनर तू एकटा भर. शुक्रवारी कंटेनर आहे, बघू, पोरांना दुप्पट नाही तर निदान दीडपट तरी हातात द्या म्हणून मागे लागलोय.

काल दुपारी नानाचा वहिनींच्या फोनवरून फोन आला, लाइन कोण चालवतंय, आवाज ऐकवा. मी मोबाइल एक्स्ट्रूडरजवळ धरला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला दोन नंबरची जाळी गेलीय, बदलून घ्या. मी हो म्हटलं. थांबवून उघडली तर जाळी साफ होती. त्याला सांगितलं नाही, उगाच खचेल.

पळासनेर_घाट:

सांगा त्याला. जाळी साफ होती म्हणून सांगा. आम्हाला लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं तेच अंगाशी आलं. तो हसेल, नाहीतर चिडेल, काहीतरी करेल.

डिस्चार्जनंतरचे पहिले दोन-तीन महिने सगळ्यात कठीण असतात, सुट्टी झाल्यावर गेटबाहेरची ती टपरी तिथंच असणार आहे. त्या वेळी त्याच्यासोबत चालत जाणारा कोणीतरी लागतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग जळगावात कुठं भरते ते शोधून ठेवा, फी नसते, नाव विचारत नाहीत. सापडेपर्यंत गुरुवारी इकडं धुळ्याला घेऊन या, मी असतो.

चटईवाला_जळगाव:

सांगतो आज. गुरुवारी किती वाजता? त्याची पॅकिंगची शिफ्ट पाचला सुटेल आणि धुळ्याला यायला दोन तास धरावे लागतील.

पळासनेर_घाट:

साडेसात. उशीर झाला तरी या, चहा शेवटपर्यंत असतो.